सातपुड्यातील रक्ततपासणी आणि तिच्या पुढचे मौन

सिकलसेल या रक्तविकाराचे २०४७ सालापर्यंत देशातून उच्चाटन करण्याचा संकल्प केंद्र सरकारने सोडला असून, त्या मोहिमेचा प्रारंभ पंतप्रधानांच्या हस्ते मध्य प्रदेशातील शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी झाला. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पीय भाषणात या मोहिमेची तीन अंगे सांगितली गेली होती. लोकजागृती हे पहिले, आदिवासी भागांतील शून्य ते चाळीस या वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी हे दुसरे आणि समुपदेशन हे तिसरे. यांपैकी मधले अंग मोजता येते. किती बोटांना सुई टोचली, किती कार्डे वाटली, याचे आकडे तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून मुंबईला आणि तेथून दिल्लीला जातात. पहिल्या व तिसऱ्या अंगांचे माप कोणत्याही रकान्यात भरता येत नाही. साहजिकच जे मोजता येते ते होते आणि जे मोजता येत नाही ते 'करण्यात आले' एवढ्या शब्दांत आटोपते. आमचा आजचा विषय या न मोजल्या जाणाऱ्या दोन अंगांचा आहे. कारण त्यांच्यावाचून मधल्या अंगाचे जे फलित हाती येईल, ते निष्फळ तर असेलच, परंतु प्रसंगी अपायकारकही ठरेल अशी आम्हांस भीती वाटते.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द. रक्तातील तांबड्या पेशी निरोगी माणसात वाटोळ्या व लवचिक असतात. या रोगात प्राणवायू कमी पडताच त्यांना विळ्यासारखा बाक येतो, त्या ताठर होतात आणि केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग सांध्यांत, पाठीत, छातीत असह्य कळा येतात. पेशी अकाली फुटतात म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे होतात, लहान मुले वारंवार तापाने आजारी पडतात. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी या बाकदार पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे असे दाखवून दिले. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष १९५२ साली आढळला. म्हणजे शास्त्राला तो ठाऊक होऊन शतक उलटले आणि आपल्या देशात ओळखला जाऊन सत्तर वर्षे झाली. सातपुड्यातील ज्या आईचे मूल थंडीच्या दिवसांत रात्रभर हातपाय धरून कळवळते, तिला मात्र त्याचे नाव अद्याप नीटसे सांगितले गेलेले नाही. कोणी तिला वात म्हणून सांगितले, कोणी कावीळ. पंडुरोग समजून लोहाच्या गोळ्या देणारेही भेटले. पण या मुलाच्या अंगातले रक्त कमी होते ते पेशी फुटतात म्हणून. तपासल्यावाचून दिलेल्या लोहाने ते फुटणे थांबत नाही.

हा प्रश्न दूरच्या कोणा प्रांताचा आहे, असे जळगाव-धुळ्याच्या वाचकाने समजू नये. जुन्या खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, पुढे त्यांची नावे जळगाव व धुळे झाली आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निघाला. या तिन्ही जिल्ह्यांच्या उत्तरेस सातपुड्याची एकच भिंत उभी आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अनुसूचित जमातींचे प्रमाण नंदुरबार जिल्ह्यात शेकडा ६९, धुळ्यात शेकडा ३१ आणि जळगावात शेकडा १४ होते. चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील डोंगराकडचे पाडे, शिरपूरची पावरा वस्ती, साक्रीच्या पश्चिमेकडील भिल्ल, मावची व कोकणी यांची खेडी ही सारी आपल्याच दाराशी आहेत. मुंबई-आग्रा महामार्गावरून पळासनेरकडे जाणाऱ्या मोटारी त्यांच्या अंगणाजवळून धावतात. रावेर-यावलची केळी उत्तर हिंदुस्थानच्या बाजारपेठा गाठतात. ती केळी कापणाऱ्या आणि घड डोक्यावर वाहणाऱ्या हातांपैकी कितीतरी हात सातपुड्यातून उतरलेले असतात. केळीच्या पानावरचा एक ठिपका आम्हांस ओळखता येतो, त्याचे नाव व औषध आम्हांस पाठ असते. ते पान तोडणाऱ्याच्या अंगातल्या दुखण्याचे नाव विचारण्याचे आम्हांस कधी सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

या रोगाची एक हकीकत अशी आहे की, ती प्रत्येक पाड्यावर सांगितली जावी. ज्याच्या अंगी दोषाचे एकच बीज असते, त्याला वाहक म्हणतात. तो सामान्यतः निरोगी असतो, मेहनत करतो, संसार करतो. इतकेच नव्हे, तर जीवघेण्या हिवतापापासून त्याला लहानपणी काही प्रमाणात संरक्षणही मिळते. डॉ. ॲलिसन यांनी आफ्रिकेत केलेल्या निरीक्षणांवरून हे १९५४ मध्ये दाखवून दिले. या विचाराची दिशा त्याआधीच सुचविणारे प्रा. हाल्डेन पुढे भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. याचा अर्थ असा की, ज्या रानांत हिवतापाने माणसे पटापट मरत होती, तेथे हे बीज ज्यांच्या अंगी होते ते तगले. ते कोणाच्या पापाचे फळ नाही, कोणा देवाचा कोप नाही आणि जातीचा कलंक तर मुळीच नव्हे. विदर्भात आदिवासींप्रमाणेच इतर समाजांतही हा रोग आढळतो. पूर्वजांना जंगलाने दिलेले ते एक चिलखत आहे. दुर्दैव एवढेच की, आई व बाप या दोघांकडून ते मिळाले तर त्याचा फास होतो. ज्याला ही हकीकत कळली, त्याला आपल्या रक्ताची लाज वाटणार नाही. आणि ज्याला लाज वाटत नाही तोच तपासणीचा कागद लपवून ठेवीत नाही.

आता शिक्षणाचा खरा कठीण भाग. दोन वाहकांचा विवाह झाला तर होणाऱ्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारात एक, वाहक होण्याचा चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याचा चारात एक असतो. फलकावर हे चार बाहुल्यांच्या चित्राने दाखवितात. एक बाहुली तांबडी, दोन अर्ध्या रंगलेल्या, एक पांढरी. हे चित्र पाहून भल्याभल्या शिकलेल्यांचाही असा समज होतो की, चार मुलांत एकच आजारी व्हायचे आणि ते एकदा होऊन गेले की पुढची तीन सुखरूप. त्या समजुतीवर विसंबून दुसरे व तिसरे मूलही रोगग्रस्त जन्मले, तर दोष आईबापांचा नव्हे, त्या चित्राचा आहे. याऐवजी दोन नाणी हाती घेऊन ती उडवावीत. दोन्ही नाण्यांवर छापा पडला तर रोग, एकावर पडला तर वाहक, एकाही नाण्यावर न पडला तर निर्दोष. नाण्यांना मागचा डाव आठवत नसतो, प्रत्येक खेपेस डाव नवा. ज्या माणसाने आयुष्यात शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यालाही हे दहा मिनिटांत उमगते; कारण दैवाचा डाव म्हणजे काय हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. फलक छापण्यास पैसा लागतो. दोन नाणी घेऊन ओसरीवर बसण्यास वेळ लागतो. आमच्या आरोग्यव्यवस्थेत पैशाची तरतूद होते, वेळेची होत नाही.

वेळ न देता कार्ड दिले की काय घडते, याचा विचार करावा. सोळा-सतरा वर्षांची एक पावरा मुलगी आश्रमशाळेत शिकते. तपासणीचे पथक येते, सर्वांचे रक्त घेते आणि काही दिवसांनी वर्गातच कार्डे वाटली जातात. तिच्या कार्डावर 'वाहक' असा शिक्का आहे. तिला काहीही झालेले नाही, होण्याचा संभवही जवळपास नाही. परंतु शेजारच्या बाकावरच्या मुलीने ते वाचले, तिने घरी सांगितले आणि होळीपर्यंत ती गोष्ट चार पाड्यांवर पोहोचली. मुलीचे लग्न ठरविताना वरपक्षाने देज द्यावयाचे, अशी त्या समाजाची रीत आहे. आजवर मुलीच्या बापाला हुंड्याची चिंता नव्हती, ही त्या समाजाची आमच्याहून उजवी बाजू. आता एका कागदाने तिची किंमत कमी करण्याचे साधन पुरविले. आणि गंमत ही की, ज्या मुलाचे स्थळ तिला नाकारते, त्याचे रक्त बहुधा कोणी तपासलेलेच नसते. तो निर्दोष असेल तर या दोघांच्या मुलांना रोग होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तो स्वतः वाहक असेल तर दुसरी कोणतीही मुलगी केली तरी त्याने आधी तिचे रक्त पाहावयास हवे. हे सारे समजावून सांगणे म्हणजेच समुपदेशन. ते झाले नाही तर समाज आपल्या परीने शहाणपण करतो. पुढच्या खेपेस पथक येताना दिसले की मुलींना रानात पाठवून देतो, आणि आम्ही शहरातून म्हणतो, 'आदिवासी तपासणीस सहकार्य करीत नाहीत.'

येथे आमच्या शहरवासी वाचकांस एक कानगोष्ट सांगावीशी वाटते. आपणही लग्ने जुळवितो तेव्हा पत्रिका पाहतो, गण आणि नाडी पाहतो; रक्त पाहतो काय? थॅलसेमिया नावाचा असाच रक्तदोष आपल्या घराण्यांतूनही वावरतो आहे. त्याची तपासणी विवाहापूर्वी करून घेणारी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी असतील. तेव्हा अंधश्रद्धेचा शब्द डोंगराकडे तोंड करून उच्चारताना थोडा संकोच बाळगलेला बरा. भोंगऱ्याच्या बाजाराविषयी आमच्या वृत्तपत्रांनी दरसाल 'आदिवासींचा स्वयंवर' म्हणून जी रसभरित वर्णने छापली, त्यांचा पावरा-बारेला समाजातील शिकलेल्या तरुणांनी वारंवार निषेध केला आहे. तो होळीपूर्वीचा बाजार आहे, विवाहाचा मांडव नव्हे. ज्यांच्या उत्सवाचा साधा अर्थ आम्ही विचारून घेतला नाही, त्यांच्या शरीराचा अर्थ आम्ही त्यांना सांगू पाहतो, यातील विसंगती लक्षात घेतली पाहिजे.

रोगी भगताकडे किंवा बडव्याकडे जातो, हे खरे. पण तो का जातो? बडवा त्याच्याच पाड्यावर राहतो, मध्यरात्री उठतो, पावरी बोलतो आणि रोग्याच्या अंगाला हात लावून त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतो. आरोग्यकेंद्र मात्र नाल्यापलीकडे आहे. डोंगरी व आदिवासी भागात वीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र आणि तीन हजार वस्तीस एक उपकेंद्र हे सरकारचेच प्रमाण आहे. परंतु तीन हजार माणसे सातपुड्यात एका गावात राहत नाहीत, ती डोंगरांच्या कुशीत पसरलेल्या दहा-बारा पाड्यांवर विखुरलेली असतात. पावसाळ्यात बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या वार्ता आजही येतात. नर्मदेच्या बुडीत क्षेत्रातील गावांसाठी सरकारला तरंगता दवाखाना चालवावा लागला. एवढे करून केंद्रात पोहोचलेल्या रोग्याला तेथे जी मराठी ऐकू येते ती त्याच्या दृष्टीने परभाषा असते. पावरी, भिलोरी, मावची आणि देहवाली या बोलींत 'अनुवंश' या शब्दाला काय म्हणावे, याचा विचार कोणत्या कार्यालयात झाला आहे? अहिराणी बोलणाऱ्या आमच्या शेतकऱ्यालाही आरोग्यखात्याची छापील मराठी अर्धीच कळते. मग पावऱ्याची कथा काय सांगावी?

खानदेशच्या आदिवासींना शिकविता येत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी आपलाच इतिहास एकवार चाळून पाहावा. १८२५ मध्ये कंपनी सरकारने औट्रॅमकरवी धरणगावास भिल्ल पलटण उभारली. भिल्लांशी राज्यकर्त्यांचा परिचय तो असा, बंदूक आणि कवायत यांच्या द्वारे. त्यानंतर शंभरावर वर्षांनी, १९३७-३८ मध्ये, तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील तळोदे तालुक्यात मोरवड येथे गुलाम महाराज नावाचा एक भिल्ल शेतमजूर उभा राहिला. रोज स्नान करा, दारू सोडा, घर-अंगण स्वच्छ ठेवा, आणि एकमेकांस 'आप' म्हणून हाक मारा, एवढाच त्याचा उपदेश. त्याच्या आरतीस माणसांचा महापूर लोटे. त्याच्या मागे खाते नव्हते, अनुदान नव्हते, फलक तर नव्हताच. १९३८ मध्ये तो वारला, तरी त्याची शिकवण घराघरांत राहिली. पुढे १९७२ नंतर शहादे भागात अंबरसिंग महाराज व श्रमिक संघटना यांच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या आदिवासी स्त्रियांनी गावोगावची दारूची मडकी फोडली. आरोग्यशिक्षण याहून निराळे ते काय असते? यातील 'आप' हा शब्द आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. ज्याला कोणी कधी आदराने बोलाविले नाही, त्याने प्रथम आपल्या भावाला आदराने बोलावयास शिकावे, मग शरीराचा आदर आपोआप येतो, हे त्या अल्पशिक्षित माणसाला उमगले होते.

अलीकडच्या काळातील दाखला हवा असेल तर तो महाराष्ट्रातच गडचिरोलीला आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत, गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, शेकडा ६२ नी उतरले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि पुढे घरोघर जाऊन बालकाची काळजी घेण्याची ती रीत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. तेथे यंत्रे थोडी होती; मुख्य साधन होते ते शिकविलेली बाई. याच डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये केंद्र सरकारला आदिवासी आरोग्याविषयी जो अहवाल सादर केला, त्यात दहा प्रमुख प्रश्न निवडले होते. हिवताप, कुपोषण, बालमृत्यू, सिकलसेल हे तर त्यांत आहेतच. परंतु आरोग्यविषयक अज्ञान आणि आश्रमशाळांतील मुलांचे अनारोग्य हे दोन स्वतंत्र प्रश्न म्हणून त्यांच्या पंक्तीस बसविले आहेत. सिकलसेलसाठी मोहीम झाली. अज्ञानासाठी मोहीम कोठे आहे?

या कामाचा सारा भार आज आशा कार्यकर्तीच्या खांद्यावर आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. अमुक लसीकरणाचे इतके, अमुक बाळंतपणाचे इतके. एखाद्या कुटुंबाजवळ तासभर बसून दोन नाण्यांचा डाव समजावून दिल्याचे किती, हे त्या तक्त्यात शोधून सापडावयाचे नाही. जे काम सर्वांत मोलाचे, ते फुकटचे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासींतील सिकलसेलच्या अभ्यासास व उपचारास आपले आयुष्य वाहिले आणि २०१९ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले, हे योग्यच झाले. परंतु एका व्यक्तीचा गौरव करून व्यवस्थेची उणीव भरून निघत नसते.

पैसा नाही, ही सबब येथे टिकणार नाही. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री यांतील अनुसूचित क्षेत्राच्या गावांना १९९६ च्या पेसा कायद्याचा आधार आहे. आदिवासी उपयोजनेतील शेकडा पाच निधी २०१५ पासून थेट त्या ग्रामपंचायतींकडे येतो आणि आरोग्य, स्वच्छता व शिक्षण हे विषय त्याच्या कक्षेत बसतात. ग्रामसभेने ठरविले तर पाड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या तरुणीस याच कामासाठी मानधन देणे अशक्य नाही. धुळे, जळगाव व नंदुरबार येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थी डोंगरात चार दिवस राहिला आणि पन्नास पावरी वाक्ये शिकून आला, तर त्याच्या पदवीस बाधा येणार नाही. जळगावच्या आकाशवाणीवरून पावरी व भिलोरीत आठवड्याच्या ठरलेल्या वेळी आरोग्याची गोष्ट सांगता येईल. विद्यापीठाच्या भाषाविभागाने या बोलींतील शरीराच्या, दुखण्याच्या व औषधाच्या शब्दांचा एक लहानसा कोश केला, तर तो डॉक्टराच्या टेबलावर स्टेथोस्कोपच्या शेजारी ठेवण्याजोगा होईल. आणि बडव्यालाही या कामातून वगळू नये. नवसंजीवनी योजनेत दाईला बैठकीस बोलावून विश्वासात घेण्याची रीत सरकारने पूर्वीच पाडली आहे. रोग्याला कळा सुरू होताच त्याने अंगारा खुशाल लावावा, पण भरपूर पाणी पाजावे, अंगावर पांघरूण घालावे आणि ताप असेल तर तत्काळ केंद्रात पाठवावे, एवढे त्याच्या गळी उतरले तरी कितीतरी मुले वाचतील. डागण्या देण्याचे त्याने थांबवावे, हा आग्रह मात्र सोडता कामा नये.

उपचार नाहीत असेही नव्हे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमाने घेतले तर कळांचे प्रमाण उतरते. लहान मुलांना ठराविक लसी व प्रतिबंधक औषधे दिली तर त्यांची जिवावरची दुखणी टळतात. परंतु हे औषध रोज घ्यावयाचे असते, मधूनमधून रक्त तपासावे लागते, मूल हवे असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरला विचारावे लागते. ते थांबविले की जुने दुखणे परत येते. दुसरीकडे, पोटातल्या गर्भाची तपासणी करून घेण्याचा मार्ग शास्त्राने उघडला आहे. तो शिरपूरच्या डोंगरातील जोडप्याला बहुतांशी ऐकूनच ठाऊक होतो, कारण त्यासाठी मोठे शहर गाठावे लागते आणि गरोदरपणाचे पहिले काही आठवडे कोणासाठी थांबत नाहीत. २०१६ च्या अपंगांविषयीच्या कायद्याने सिकलसेलचा समावेश आपल्या यादीत केला आहे. त्या अन्वये मिळणाऱ्या प्रमाणपत्राची वार्ता किती पाड्यांवर पोहोचली, हे जिल्हा परिषदांनी आपल्या पुढच्या सभेत विचारावे.

आणि विचारावयाचा आणखी एक प्रश्न आहे, तो तातडीचा. दिवाळी आटोपली की सातपुड्यातून टोळ्या उतरू लागतात. कोणी उसाच्या फडावर जातो, कोणी वीटभट्टीवर, कोणी सुरतेकडे किंवा सौराष्ट्रात. पहाटेच्या थंडीत ऊस तोडावयाचा, दिवसभर पाण्यावाचून राबावयाचे, रात्री उघड्या पालात निजावयाचे. सिकलसेलच्या रोग्याने जे जे टाळावे म्हणून डॉक्टर सांगतात, त्या सर्वांची ही यादी आहे. गावच्या आशा कार्यकर्तीकडची गोळ्यांची पुडी महिन्याभराची असते, मुक्काम पाच-सहा महिन्यांचा. कार्डही बहुधा घरच्या पेटीतच राहते. टोळी निघण्यापूर्वी तिच्यातील रोगग्रस्तांची नावे मुकादमाकडून घेऊन त्यांना पूर्ण मुदतीची औषधे देणे, कारखान्याच्या परिसरातील केंद्राला ती यादी कळविणे आणि गुजरातच्या आरोग्यखात्याशी तसाच पत्रव्यवहार करणे, यांसाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. धुळे व जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी साखर आयुक्तालयाशी बोलून ही व्यवस्था यंदाच्या गळीत हंगामापूर्वी लावून द्यावी. दसऱ्यानंतर मुकादमांच्या मालमोटारी पाड्यांच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहतील, तेव्हा यादी तयार असली पाहिजे.